संग्राहक मंडळाचा निधी : आधी दर्शन, मग देणगी

तिकिटे, नाणी, जुन्या नोटा, काड्यापेट्यांची लेबले, जुनी टपालपाकिटे अशा वस्तू जपणाऱ्यांची मंडळे आज अनेक गावांत आहेत. सभासद तीस-चाळीस, वर्गणी नाममात्र आणि मासिक बैठक कुणाच्या तरी दिवाणखान्यात, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. वर्षातून एकदा प्रदर्शन भरवण्याची हौस सर्वांना असते. मात्र सभागृहाचे भाडे, फ्रेमांची ने-आण आणि छपाई यांचा आकडा समोर आला की बैठकीत शांतता पसरते. मग चिटणीस गावातील दहा दुकानांची यादी काढतात आणि पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडतात. दुकानदार ओळखीखातर पाचशे रुपये देतो, पुढच्या वर्षी अडीचशे देतो, तिसऱ्या वर्षी ‘शेठजी बाहेरगावी गेले आहेत’ असे उत्तर मिळते. अशा मंडळाने निधी उभारावा तरी कसा, हा या महिन्याच्या सदराचा विषय आहे.

आपली मंडळी देणगी देण्यात कधी मागे राहत नाहीत. परंतु पैसा देताना व्यापारी मनात तीन प्रश्न विचारतो. पैसा कशासाठी? हिशेब कोण दाखवणार? आणि या कामाशी माझा संबंध काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगले चिटणीस देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक मंडळांपाशी नसते, आणि देणगी दरवर्षी घटत जाते ती त्यामुळेच. वास्तविक हे उत्तर त्या व्यापाऱ्याच्याच घरात, माळ्यावरच्या पेटीत पडलेले असते.

दोन-तीन पिढ्यांच्या कोणत्याही पेढीची जुनी पेटी उघडून पाहावी. रोजमेळ आणि खतावण्या, मोडी, गुजराती किंवा महाजनी लिपीतील चोपड्या, आडत्यांची पत्रे, त्यांवरील तिकिटे आणि टपालाचे शिक्के, दर्शनी व मुदती हुंड्या हे सारे तेथे एकत्र सापडते. इंग्रजी अमलातील हुंडीच्या मुद्रांकित कागदावर राणीची किंवा राजाची मुद्रा छापलेली दिसते. कोल्हापूर, सांगली यांसारख्या संस्थानांतील जुन्या कागदांवर त्या त्या संस्थानाचे मुद्रांक आढळतात. आपल्या आजोबांचा माल कोणत्या पेठेत जात होता, कोणाच्या शब्दावर किती रक्कम सुटत होती, टपाल किती दिवसांत पोहोचत होते, हे सांगणारा दुसरा साक्षीदार आज उरलेला नाही.

ही पेटी साधारणपणे तीन प्रसंगी घराबाहेर जाते : दुकानाचे नूतनीकरण, भावांची वाटणी आणि वडीलधाऱ्यांचे निधन. कागद किलोच्या भावाने रद्दीत जातो, चांदीची नाणी सराफाकडे वजनावर मोडली जातात आणि तिकिटांचा अल्बम मुले खेळून संपवतात. हे दुष्टपणाने घडत नाही. घरात त्या वस्तूंची ओळख असलेले कोणी उरलेले नसते, म्हणून घडते. ती ओळख गावात ज्या थोड्या लोकांपाशी असते, ते लोक या छंदमंडळात असतात. म्हणून मंडळाने निधीसाठी योजलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला एक कसोटी लावावी : या कार्यक्रमामुळे एखादे तरी घर आपली पेटी उघडेल काय? ज्या कार्यक्रमाचे उत्तर ‘होय’ येते, तोच दीर्घकाळ पैसा देतो. पुढील पाच योजना या कसोटीवर निवडल्या आहेत.

ओळख-दिवस

सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत फलदायी योजना ही आहे. एखाद्या रविवारी सकाळी दहा ते चार या वेळेत मंडळाचे चार जाणते सभासद चार टेबलांवर बसतात. एक नाण्यांसाठी, एक तिकिटे व पाकिटांसाठी, एक नोटांसाठी आणि एक जुन्या कागदपत्रांसाठी. नागरिकांनी घरातील वस्तू आणावी, प्रत्येक वस्तूमागे पन्नास रुपये शुल्क भरावे आणि ती वस्तू कोणती, कोणत्या काळची, दुर्मीळ की सामान्य, ती कशी जपावी, हे एका छापील चिठ्ठीवर लिहून घेऊन जावे.

या एका दिवसात किती गैरसमज दूर होतात याची कल्पना आधी येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये चिंचेने किंवा पावडरने लखलखीत घासण्याची रीत घरोघरी आहे. नाण्याच्या अंगावर काळाने चढवलेली छटा घासली गेली की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूजेसाठी दोन नाणी वेगळी ठेवावीत आणि उरलेल्यांना हात लावू नये, एवढा सल्लाही पन्नास रुपयांच्या शुल्काहून अधिक मोलाचा ठरतो. ‘जुना रुपया म्हणजे शुद्ध चांदी’ ही समजूतही अशीच. १९४० पूर्वीच्या इंग्रजी रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी होती, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्याचप्रमाणे जुन्या पाकिटावरचे तिकीट कापून घेऊ नये. पत्ता, शिक्का आणि तिकीट एकत्र असलेले अखंड पाकीट पुष्कळदा सुट्या तिकिटाहून अधिक बोलते.

मात्र येथे एक नियम कडकपणे पाळला पाहिजे. जो सभासद वस्तूची ओळख सांगतो त्याने ती वस्तू त्या दिवशी किंवा त्यानंतरही काही काळ विकत घेऊ नये, आणि हा नियम फलकावर लिहून ठेवावा. एकाच माणसाच्या हाती तराजू आणि थैली असू नये, हे व्यापाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या विधवा भगिनीने आणलेले नाणे कोणी जाणत्याने स्वस्तात घेतले अशी कुजबूज एकदा गावात पसरली, तर त्या मंडळाकडे पुन्हा कोणी पेटी घेऊन येणार नाही.

चौकटीचे यजमानपद

प्रदर्शनासाठी ठोक देणगी मागण्यापेक्षा चौकटी वाटून द्याव्यात. तिकीट-प्रदर्शनातील प्रचलित चौकटीत सोळा पाने बसतात. एक चौकट म्हणजे एक विषय, आणि एका कुटुंबाने किंवा पेढीने त्या चौकटीचे यजमानपद घ्यावे. चौकटीखाली लहान अक्षरांत त्यांचे नाव असावे. मोठ्या जाहिरातफलकाने वस्तू झाकली जाते, तर लहान पाटीने यजमानाचा मान आणि वस्तूचे महत्त्व दोन्ही राखले जाते.

विषय मात्र असे निवडावेत की पाहणाऱ्याला ते आपले वाटतील. केवळ ‘जगातील तिकिटे’ म्हटल्याने कोणी थांबत नाही. ‘तिकिटांवरील आणि नाण्यांवरील जैन वारसा’ हा एकच विषय घेतला तरी तीन-चार चौकटी सहज भरतात. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी प्राचीन वास्तूंची जी मालिका निघाली, तिच्यातील सर्वांत अधिक किमतीचे, १५ रुपयांचे तिकीट पालिताण्याच्या शत्रुंजय मंदिराचे होते. १९७४ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचे तिकीट निघाले आणि १९८१ मध्ये श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे. २००१ मध्ये २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त ५ रुपयांचे नाणे निघाले. ते त्या काळी सर्वांच्या हातून गेले, पण आज किती घरांत आहे? कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यावर १९८८ मध्ये आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यावर २००४ मध्ये तिकीट निघाले. ही तिकिटे अभ्यासाच्या दोन ओळींसह मांडली, तर आजोबा नातवाला हाताशी धरून तेथे थांबतील. आणि ‘आमच्याकडे अशी एक जुनी वही आहे’ हे वाक्य बहुधा तेथेच ऐकू येते. म्हणून चौकटींच्या शेवटी एक टेबल, एक नोंदवही आणि एक ऐकून घेणारा सभासद हवाच.

शेवटची चौकट यजमान-कुटुंबांच्या स्वतःच्या कागदांसाठी राखून ठेवावी : एखादी हुंडी, एखादे पोस्टकार्ड, दुकानाची पहिली पावती. मूळ वस्तू घरीच राहू द्यावी आणि तिची उत्तम छायाप्रत लावावी. स्वतःच्या पणजोबांची सही भिंतीवर पाहिलेल्या माणसाला पुढच्या वर्षी देणगीसाठी आर्जव करावे लागत नाही.

जादा वस्तूंचा लिलाव

प्रत्येक संग्राहकापाशी दुहेरी वस्तू असतात. सभासदांनी अशा वस्तू द्याव्यात, त्यांचे लहान लहान गट करावेत, पंधरा दिवस आधी क्रमांक, वर्णन, दोष आणि आरंभीची किंमत असलेली यादी छापावी आणि विक्रीच्या रकमेतून दहा ते पंधरा टक्के मंडळाने घ्यावेत. काही सभासद पूर्ण रक्कमच मंडळाला देतात. त्यांची नावे यादीत वेगळी नमूद करावीत.

बोलीची रीत आपल्या समाजाला नवी नाही. अभिषेकाच्या पहिल्या कलशाची किंवा पर्युषणातील स्वप्नांची बोली सर्वांनी पाहिलेली आहे. परंतु येथील बोली त्या बोलीहून निराळी आहे हे सूत्रसंचालकाने विसरू नये. तेथे बोलणारा दान करतो आणि रकमेला भक्तीशिवाय दुसरे माप नसते. येथे घेणारा एक वस्तू विकत घेतो आणि त्या वस्तूला बाजारात एक भाव असतो. म्हणून ‘शेठजी, आपल्या नावाला शोभेल अशी बोली द्या’ असा आग्रह येथे अयोग्य होय. चारशेचे तिकीट प्रतिष्ठेपोटी चार हजारांना घेतलेला गृहस्थ खरा भाव कळताच मंडळापासून कायमचा दूर जातो. यादीतील वर्णन प्रामाणिक असावे. फाटलेला कोपरा, दुरुस्त केलेली घडी, घासलेले नाणे यांचा उल्लेख झालाच पाहिजे. लिलाव चालवणाऱ्याने स्वतः बोली देऊ नये आणि देवघेव जागेवरच, पावतीसह पुरी करावी.

टपाल खात्याचे सहकार्य

गावातील एखाद्या संस्थेची शताब्दी, जुन्या बाजारपेठेचा वर्धापनदिन किंवा स्वतः प्रदर्शन, असे निमित्त असेल तर टपाल खात्याकडे ‘स्पेशल कव्हर’साठी अर्ज करता येतो. हे एक सचित्र पाकीट असते आणि त्यावर त्या दिवसाचा, त्या प्रसंगाचा खास शिक्का उमटवला जातो. तो शिक्का रोजच्या टपालाला लागत नाही, म्हणूनच बाहेरगावचे संग्राहकही अशी पाकिटे आवर्जून मागवतात. मंडळ खात्याचे शुल्क आणि छपाईचा खर्च भरते व पाकिटे विकून तो भरून काढते. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज काही महिने आधी करावा. पाकिटे मात्र मागणी नोंदवून मगच छापावीत, कारण उत्साहात हजार छापून सहाशे कपाटात ठेवणारे मंडळ निधी उभारत नाही, गुंतवून बसते. २०११ पासून आपल्या देशात ‘माय स्टॅम्प’ची सोयही आहे, अधिकृत तिकिटाशेजारी आपल्या पसंतीचे चित्र छापून मिळते. पेढीच्या पन्नास वर्षांनिमित्त किंवा आजी-आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी कुटुंबांना ते मिळवून देणे हीदेखील मंडळाची एक सेवा होऊ शकते.

मुलांची कार्यशाळा

पेढ्या आणि कार्यालये यांच्या टपालातून वापरलेली तिकिटे वर्षभर गोळा करावीत. सुटीत दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. कागदासह कापलेले तिकीट साध्या पाण्यात भिजवून अलगद सोडवणे, टीपकागदावर वाळवणे, हाताऐवजी चिमट्याने धरणे, विषय निवडून पान मांडणे, एवढे शिकवले तरी पुरे. नोंदणीशुल्कात लहान अल्बम, चिमटा आणि शंभर मिश्र तिकिटे द्यावीत. पालकांना हेही सांगावे की टपाल खात्याची ‘दीन दयाल स्पर्श योजना’ सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना या छंदासाठी वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती देते. त्यासाठी विद्यार्थी शाळेच्या तिकीट-मंडळाचा सभासद असावा किंवा त्याचे स्वतःचे तिकीटसंग्रह ठेवखाते असावे. हे खाते २०० रुपयांत उघडता येते. कार्यशाळेतून पैसा थोडाच मिळतो. पण अल्बम घेऊन घरी गेलेली मुलगी त्याच रात्री आजीला विचारते, ‘आपल्याकडे जुनी पत्रे आहेत का?’ वर सांगितलेल्या कसोटीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

काय टाळावे

तिकिटे विकून बक्षिसांची सोडत काढणे हा झटपट मार्ग अनेकांना सुचतो. शासनाच्या परवानगीवाचून सोडत चालवणे हा गुन्हा आहे, आणि जुगाराला व्यसनांत पहिले स्थान देणाऱ्या समाजात तो शोभतही नाही.

दुसरी सावधानता लिलावाविषयी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी व कलावस्तू पुरावस्तूंत मोडतात. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणून मंडळाने लिलाव अलीकडच्या काळातील वस्तूंपुरता ठेवावा आणि जुन्या वस्तूंसाठी परवानाधारक किंवा कायदेतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. पाया खणताना जमिनीत सापडलेले नाण्यांचे मडके कोणी ओळख-दिवसाला आणले, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आवश्यक आहे, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे. हस्तिदंताच्या वस्तूंची विक्री कायद्याने बंद आहे. अहिंसा मानणाऱ्यांच्या लिलावात तिचा विचारही होऊ नये. तिसरी गोष्ट, भोजनाचा थाट. निधीसाठीच्या कार्यक्रमात निधीच जेवणावळीत संपल्याची उदाहरणे थोडी नाहीत. चहा आणि कोरडा फराळ पुरे, आणि तोही सूर्यास्तापूर्वी, म्हणजे घरातील ज्येष्ठांना संकोच वाटणार नाही.

वेळ आणि हिशेब

पर्युषण व दशलक्षण पर्वाचे दिवस, दिवाळीची गर्दी आणि मार्चअखेर हे तीन काळ आपल्या कुटुंबांसाठी वर्ज्य समजावेत. ओळख-दिवस दिवाळीच्या सफाईपूर्वी तीन-चार आठवडे ठेवला, तर पेटी रद्दीवाल्याआधी मंडळाकडे येते. प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत घ्यावे. कार्यशाळेला १८ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, हे चांगले निमित्त आहे.

आता आकड्यांकडे वळू. उदाहरणादाखल समजा, तीस चौकटींचे यजमानपद प्रत्येकी १,००० रुपयांप्रमाणे ३०,०००. ओळख-दिवसाला १२० वस्तूंचे ६,०००. साठ हजारांच्या लिलावातून पंधरा टक्क्यांनी ९,०००. स्पेशल कव्हरातून खर्च वजा जाता ५,०००. एकूण जमा ५०,००० रुपये. सभागृह, फ्रेमा, छपाई आणि फराळ मिळून ३५,००० खर्च धरला, तर शिल्लक १५,००० राहते. ही रक्कम लहान दिसेल. परंतु तेवढ्यात आम्लविरहित कागदाच्या पुरेशा घड्या येतात, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला मानधन देता येते आणि चार-पाच घरांच्या चोपड्यांची छायाचित्रे घेऊन एक प्रत त्या कुटुंबाला व एक मंडळाला ठेवता येते.

कार्यक्रम संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च एका पानावर छापून प्रत्येक यजमानाला पाठवावा. पानाच्या दुसऱ्या बाजूस ‘या वर्षी आपल्या पैशातून काय जपले’ त्याची यादी द्यावी. देणगीवर ८०-जी ची सवलत मंडळाला नसेल तर पावतीवर तसे स्पष्ट लिहावे. जेथे ती आहे तेथेही २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या छंदातून उभे राहिले, आणि त्याने आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले. प्रत्येक गावात असे संग्रहालय होणार नाही, ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. आपल्या गावातील मंडळाने यंदा एकच ओळख-दिवस घ्यावा आणि आपण वाचकांनी त्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊ नये. पन्नास रुपये आणि माळ्यावरची एक वही, एवढे बरोबर न्यावे.